दोन जादूगार आणि तिसरा गारुडी

मालवण तालुक्यातले आचरे हे गाव दर तीन-चार वर्षांनी तीन दिवस आणि तीन रात्री नाहीसे होते. श्रीदेव रामेश्वराचा कौल घेऊन गावपळणीचा दिवस ठरला, की माणसे घरांना कडीकुलपे घालून निघतात आणि गावच्या शिवेबाहेर झावळ्यांच्या राहुट्या उभारून राहतात. गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री, मांजरे सारे बरोबर असते. मागे उरतात ती बंद घरे आणि रिकामे रस्ते. तीन रात्री सरल्या की पुन्हा कौल होतो आणि गाव परत गावात येते. या प्रथेची कारणे भुताखेतांपासून हवापालटापर्यंत अनेक सांगितली जातात. त्यांत आज आम्हांला शिरायचे नाही. गावपळणीची आठवण झाली ती वेगळ्याच निमित्ताने: ख्रिस्तोफर नोलनचा ‘द प्रेस्टीज’ हा २००६ सालचा चित्रपट अलीकडे पुन्हा पाहिला तेव्हा.

ख्रिस्तोफर प्रीस्टच्या १९९५ सालच्या कादंबरीवरून केलेला हा चित्रपट लंडनमधल्या दोन रंगमंचीय जादूगारांच्या वैराची कथा सांगतो. (ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांनी हा परिच्छेद गाळून पुढे जावे.) जादूच्या प्रत्येक खेळाचे तीन भाग असतात, असे तिथे आरंभीच सांगितले जाते. पहिल्या भागात एखादी साधी वस्तू दाखवायची, दुसऱ्यात ती नाहीशी करायची. पण नाहीशी केली एवढ्याने टाळी पडत नाही. ती परत आणावी लागते. या तिसऱ्या भागाचे नाव तेच चित्रपटाचे नाव. एका प्रसंगात जादूगार पिंजऱ्यासकट पक्षी गडप करतो आणि लगेच हातात जिवंत पक्षी काढून दाखवतो. सारे खूश होतात. एक लहान मुलगा मात्र रडू लागतो. परत आलेला पक्षी दुसराच आहे, पहिला घडीच्या पिंजऱ्यात चिरडून मेला आहे, हे त्याला कळलेले असते. पुढे त्या दोन जादूगारांच्या चढाओढीत असे कितीतरी ‘पहिले पक्षी’ मरतात. एकाची बायको पाण्याच्या टाकीत बुडते. दुसऱ्याची बायको आपल्या नवऱ्याचे खरे रूप न कळल्याने जीव देते. आणि अखेरीस ज्या यंत्राने माणूस क्षणात इकडून तिकडे जातो, त्या यंत्राची किंमत रंगमंचाखालच्या टाक्यांतून रोज रात्री कशी मोजली जात होती ते उघड होते.

चित्रपटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि बहुतेक लेखन ‘गुपित काय’ या प्रश्नाभोवती फिरते. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. पडलेला शब्द उचलून त्याच्या मुळाशी जायची आमची खोड. ‘प्रेस्टीज’ या शब्दाचे मूळ लॅटिन आहे आणि त्याचा जुना अर्थ ‘डोळ्यांची फसगत, इंद्रजाल’ असा होता. मानमरातब, प्रतिष्ठा हा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला. फसगतीपासून प्रतिष्ठेपर्यंतचा हा प्रवास एकट्या शब्दाचा नाही, जादू या व्यवसायाचाही आहे. मग आमच्या मनात प्रश्न आला तो असा : या प्रवासात प्रतिष्ठा कोणाला मिळाली, आणि पिंजऱ्यात कोण राहिले?

चित्रपटातच या प्रश्नाचा एक धागा आहे, पण दिग्दर्शकाने तो ओढलेला नाही. दोन्ही तरुण जादूगार चुंग लिंग सू नावाच्या चिनी जादूगाराचा खेळ पाहायला जातात. मासे पोहत असलेले पाण्याचे भलेमोठे भांडे तो झग्याखालून काढतो. ते पायांत धरून चालता यावे, आणि त्या चालीचा कोणाला संशय येऊ नये, म्हणून हा माणूस आयुष्यभर अपंग म्हाताऱ्याचे सोंग वठवतो आहे, हे एकाच्या ध्यानात येते. कलेवरची निष्ठा म्हणजे काय, याचा धडा म्हणून तो प्रसंग आहे.

इतिहास मात्र याहून विलक्षण आहे. चुंग लिंग सू हा चिनी नव्हताच. तो विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन. माशांच्या भांड्याचा खेळ गाजवला होता तो चिंग लिंग फू या खऱ्याखुऱ्या चिनी जादूगाराने. १८९८ साली तो अमेरिकेत आला आणि आपला खेळ करून दाखवणाऱ्याला त्याने हजार डॉलरचे आव्हान दिले. रॉबिन्सन पुढे झाला, पण फूने त्याला संधी दिली नाही. १९०० साली रॉबिन्सनने डोके भादरले, वेणी लावली, रेशमी झगा चढवला आणि पॅरिसमध्ये तो चिनी म्हणून उभा राहिला. मग लंडनमध्ये चुंग लिंग सू झाला. वार्ताहरांशी तो दुभाष्यामार्फत बोले. १९०५ च्या जानेवारीत दोघे एकाच वेळी लंडनमध्ये होते. फूने जाहीर केले, की हा माणूस चिनी नाही आणि माझे खेळही त्याला जमणार नाहीत. एका वृत्तपत्राच्या कचेरीत सामना ठरला. सू आला, फू आलाच नाही. लोकांनी नकलेला अस्सल ठरवले. २३ मार्च १९१८ रोजी बंदुकीची गोळी झेलण्याच्या खेळात सूला खरीच गोळी लागली. वर्षानुवर्षे रंगमंचावर इंग्रजीचा शब्द न उच्चारलेल्या त्या माणसाने इंग्रजीतच पडदा पाडायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला.

आता चित्रपटाकडे पुन्हा पाहा. त्यात चुंग लिंग सूची भूमिका चिनी वंशाच्या नटाने केली आहे. म्हणजे नकली चिनी माणूस पडद्यावर अस्सल चिनी झाला, आणि ज्याचे भांडे होते तो फू कथेतून पूर्णपणे गळाला. दोघांच्या वैराची कथा सांगताना तिसरा कसा नाहीसा होतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

हा तिसरा पुष्कळदा आपल्याकडचाही असतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातले खेळकरी लंडनमध्ये खेळ करू लागले होते. त्यांच्यातला रामो सामी नावाचा, तलवार गिळणारा आणि चेंडू झेलणारा कलावंत तिथे फार गाजला. १८२१ साली विल्यम हॅझलिटने हिंदी गारुड्यांवर एक निबंध लिहिला. पितळेचे चार गोळे हवेत फिरते ठेवणाऱ्या त्या माणसाकडे पाहताना, आपल्याला इतक्या निर्दोषपणे काय करता येते, असा प्रश्न या थोर निबंधकाराला पडला, आणि काहीच नाही, असे त्याने प्रांजळपणे लिहिले. निबंध सुंदर आहे. परंतु त्यातला गारुडी केवळ ‘गारुड्यांचा म्होरक्या’ आहे. त्याच निबंधाच्या शेवटी भिंतीवर चेंडू मारण्याच्या खेळातला पटाईत कॅव्हना याचा मृत्युलेख मात्र नावानिशी, सविस्तर आला आहे. १८५० साली रामो सामी लंडनमध्ये वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीसाठी पत्नीला लोकांकडे पैशांची याचना करावी लागली. पुढे पंधराच वर्षांनी, १८६५ साली, कर्नल स्टोडेअर हे नाव घेतलेल्या इंग्रज जादूगाराने लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ‘हिंदी टोपलीचा खेळ’ करून वाहवा मिळवली. खेळ आपल्या रस्त्यावरचा, रंगमंच त्यांचा, आणि प्रतिष्ठाही त्यांचीच.

पण सारा दोष साहेबाच्या माथी मारून मोकळे होणे सोयीचे असले, तरी खरे नव्हे. आपल्या घरातही पाहायला हवे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. पॅरिसमध्ये ती चित्रे पाहून झपाटलेला जॉर्ज मेलिएस हा व्यवसायाने जादूगार होता, हेही चित्रपटप्रेमींना ठाऊक असते. त्यामानाने, आपले दादासाहेब फाळकेदेखील जादूगार होते, याची आठवण कमी ठेवली जाते. ‘फाळके’ हे नाव उलटे करून ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करीत. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा; त्यानंतर तीन वर्षांनी, १९१६ साली, त्यांनी केळफाची जादू दाखवणारा छोटा चित्रपटच काढला. ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) यांत जे चमत्कार प्रेक्षकांनी पाहिले, त्यांची हातोटी कॅमेऱ्याइतकीच जादूगाराच्या टेबलावर घडलेली होती.

त्र्यंबकेश्वरच्या एका शास्त्र्यांच्या मुलाला नाव उलटे का करावे लागले असेल? नुसती गंमत म्हणूनही केले असेल. पण आम्हांला त्यात आणखी काही दिसते. ‘फाळके’ या नावाने हातचलाखी केली असती तर तो माणूस लोकांच्या नजरेत गारुड्याच्या पंगतीला बसला असता. ‘केळफा’ हे नाव परदेशी वाटते, आणि वर ‘प्रोफेसर’ ही पदवी. त्या काळी जादूगार आणि सर्कसवाले सर्रास प्रोफेसर होत. विष्णुपंत छत्र्यांनाही लोक प्रोफेसर छत्रे म्हणत. (ही पदवी पुढे आमच्यासारख्यांना मिळाली, तेव्हा तिच्यातली जादू बहुधा ओसरली होती.) रॉबिन्सनला जादूगार म्हणून उभे राहण्यासाठी पौर्वात्य व्हावे लागले, फाळक्यांना थोडे पाश्चात्त्य. दोघांनाही आपापल्या रस्त्यावरच्या माणसापासून अंतर राखायचे होते, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

पुढच्या पिढीत हा वेषबदल आणखी रंगला. पंजाबचे गोगिया पाशा इजिप्शियन म्हणून वावरले. बंगालचे पी. सी. सरकार यांनी महाराजाचा फेटा आणि शेरवानी निवडली. १९५६ साली बीबीसीवर त्यांनी एका तरुणीला करवतीने मधोमध कापले आणि ती उठण्याआधीच कार्यक्रम संपला. ती जिवंत आहे ना, हे विचारायला घाबरलेल्या प्रेक्षकांच्या दूरध्वनींची रीघ लागली. तिसरा भाग गाळला की काय होते, याचा तो जगजाहीर दाखला. याच सरकारांवर १९५५ च्या सुमारास खेळ चोरल्याचा आरोप झाला. आरोप करणारा जर्मन जादूगार हेल्मुट श्रायबर. पण रंगमंचावर त्याने घेतलेले नाव ‘कालानाग’! हिंदुस्थानी नाव पांघरलेला जर्मन एका हिंदुस्थान्याला चोर म्हणतो, आणि ज्यांच्या टोपलीत खराच काळा नाग असे त्यांना या भांडणात कोणी साक्षीलाही बोलावत नाही.

पुण्याच्या रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) यांनी ‘जादूगार रघुवीर’ म्हणून महाराष्ट्राला जादूचा एक घरगुती, निर्मळ चेहरा दिला, ‘प्रवासी जादूगार’सारखे पुस्तक लिहिले आणि पुढच्या दोन पिढ्यांनी तो वारसा चालवला. हे श्रेय मोठे आहे. नाट्यगृहातली जादू मराठी मध्यमवर्गाला आपली वाटली ती यामुळे. पण नाट्यगृहाबाहेर त्याच काळात काय चालले होते? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला होता; तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला. सातच वर्षांनी, १९५९ साली, मुंबई राज्यात भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. त्याच्या व्याख्येनुसार गाणे, नाच, भविष्यकथन किंवा कसलाही खेळ करून सार्वजनिक जागी पैसे मागणे हीसुद्धा भीकच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने टोपलीतला साप गेला. तो जायलाच हवा होता, पण सापाबरोबर गारुड्याची भाकरीही गेली आणि त्या भाकरीचा विचार फारसा कोणी केला नाही. तीच हातचलाखी तिकीट लावून केली तर कला, आणि फडके पसरून केली तर भीक.

इथे आमच्या व्यवसायाचीही झडती घ्यायला हवी. मराठी समीक्षेची परिभाषा पाहा. एखाद्या कवितेचे आपल्या मनावर ‘गारूड’ असते, लेखकाची शैली ‘नजरबंदी’ करते, नाटककाराची ‘हातचलाखी’ खटकते. गारूड म्हणजे मुळात गरुडविद्या, विष उतरवण्याची मंत्रविद्या; तिच्यावरून गारुडी. वाङ्मयाच्या सर्वोच्च परिणामासाठी आम्ही शब्द उचलला तो या माणसाच्या झोळीतून. वर्गात तो शब्द आम्ही शेकडो वेळा उच्चारला असेल. त्या माणसाविषयी मात्र एक तास कधी घेतला नाही.

आता दक्षिण कोकणाकडे वळू, कारण चढाओढीचा आणि चमत्काराचा एक निराळा संसार इथे नांदतो. कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू झाला, की सिंधुदुर्गात गावोगावच्या देवळांपुढे रात्री दशावतार उभा राहतो. एक बाकडे, पेटी, मृदंग आणि झांज. लिहिलेली संहिता नसते. राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहून संवाद तिथल्या तिथे रचतात. गेल्या काही दशकांत त्यात ‘ट्रिकसीन’ आले. जाहिरातींत ‘ट्रिकसीनयुक्त’ हा शब्द ठळक असतो. धूर निघतो, आग भडकते, नाग फणा काढतो, मुंडके धडावेगळे होते. जाणकार नाके मुरडतात, आणि शब्दाची ताकद धुरात विरते हा त्यांचा आक्षेप रास्तही आहे. परंतु एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. हा चमत्कार सहसा फार दडवलेला नसतो. धूर करणारा पोरगा बाजूला दिसतो, दोरी दिसते, पुढे बसलेली मुले एकमेकांना गुपित सांगतात आणि तरीही नाग निघाला की दचकतात. इथे गुपित राखण्यासाठी कोणाला गाडून टाकावे लागत नाही.

तसेच चढाओढीचे. कंपन्या-कंपन्यांत ईर्षा असते, नटानटांत असते. पण ‘संयुक्त दशावतार’ जाहीर झाला, की निरनिराळ्या कंपन्यांचे गाजलेले नट एका रात्री एकाच आख्यानात उभे राहतात आणि कोण कोणाला शब्दांत पकडतो, ते हजारो डोळ्यांदेखत ठरते. मराठी रंगभूमीने याचा सर्वांत मोठा सोहळा ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात पाहिला. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. दोन कंपन्यांची, दोन गायकींची स्पर्धा. पण तिचा निकाल मागील दाराने लागायचा नव्हता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, ऐन एकतिशीत केशवराव गेले. शत्रुत्व मनात ठेवून एखाद्याने तो प्रयोग टाळला असता, तर मराठी माणसाच्या स्मृतीत केवढी पोकळी राहिली असती! चित्रपटातल्या त्या दोघांना असे एक ‘संयुक्त’ सापडले नाही, हीच त्यांची शोकांतिका.

अर्थात दशावतार म्हणजे नंदनवन नव्हे. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण इथलीच. पहाटे दहिकाला झाला, रंग पुसला, की तो राजा पुन्हा शेतात किंवा मोलमजुरीवर जातो. फरक इतकाच, की त्याचा बोजा गावाला ठाऊक असतो. तो टाकीत बुडालेला नसतो.

शेवटी एक कबुली. लहानपणी आठवडा-बाजारात आम्ही टोपलीचा खेळ पाहिला आहे. गारुड्याने आपल्या पोराला टोपलीत बसवले, वर फडके टाकले, सुरा खुपसला. फडक्यावर तांबडे उमटले. मग त्याने पैसे मागितले. रस्त्यावरच्या खेळाचे अर्थशास्त्र हेच आहे : नाट्यगृहात तिकीट आधी काढावे लागते, इथे दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांच्या मध्ये पैसे मागतात. पोर परत यावे असे वाटत असेल तर मोल द्या. थाळी आमच्याकडे वळलेली पाहताच आम्ही पळालो. पोराचे काय झाले ते पाहिले नाही. ते उठले असणारच, खेळ आहे तो, अशी समजूत आम्ही तेव्हा घातली आणि पुढे इतिहासाची पुस्तके वाचतानाही बहुधा तीच घालत आलो.

म्हणून आचऱ्याची गावपळण आठवली. तिच्यात श्रद्धा किती, अंधश्रद्धा किती, याचा वाद ज्यांना घालायचा ते घालोत. आमचे लक्ष गेले ते एका साध्या नियमाकडे. गाव नाहीसे व्हायचे तर सगळे व्हायचे. कोंबडीही मागे ठेवायची नाही. आणि यायचे तर सगळ्यांनी यायचे. चौथ्या दिवशी कडीकुलपे निघतात, चुली पेटतात, कुत्री आपापल्या अंगणात जाऊन बसतात, आणि मोजदाद केली तर कोणी कमी भरत नाही. आमच्या आठवणीतली ती बाजारातली टोपली मात्र अजून झाकलेलीच आहे.